बायपास मिरवता, मग पिशवी का लपवता?



इथे बहुतेक जण जुन्या इंदूरच्या आठवणी लिहितात. रामबागेतले वाडे, राजवाड्यासमोरची गर्दी, सराफ्यातल्या रात्री, गणेशोत्सवातली नाटकं. मी आवडीनं वाचतो. आज मात्र मी जी आठवण लिहिणार आहे ती कुणी लिहीत नाही, आणि मी ती भांडायला लिहितोय. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे चहाबरोबर वाचायला घेतलं असेल त्यांनी आधी चहा संपवून घ्यावा.

वय वर्षं चौऱ्याहत्तर. बी.कॉम. केलं आणि बँकेत चिकटलो, अधिकारी म्हणून निवृत्त झालो. सहा वर्षांपूर्वी मूत्राशयाच्या कर्करोगामुळे माझं मूत्राशय काढलं. तेव्हापासून माझ्या पोटावर, बेंबीच्या उजवीकडे थोडं खाली, एक पिशवी चिकटवलेली असते आणि माझी लघवी त्या पिशवीत येते. हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीतही याच आवाजात बोलतो. आणि दर वेळी कुणी तरी इकडेतिकडे बघून म्हणतं, “अहो काका, हळू.”

का हळू? या ‘हळू’शीच माझं भांडण आहे.

आपल्या घरांमध्ये आजारांचीसुद्धा उतरंड आहे. हृदय सगळ्यात वर. निवृत्तांच्या मेळाव्यात गेलो की एक जण सांगतो, “मला दोन स्टेंट.” दुसरा म्हणतो, “माझा तर बायपास, चार ग्राफ्ट.” शर्टाचं वरचं बटण काढून टाका दाखवणारेही पाहिलेत. मधुमेह तर घरचाच. श्रीखंडाची वाटी पुढे ओढत त्याच्यावर विनोद होतात. गुडघे बदलले की पेढे वाटतात. पण कमरेखाली काही झालं की एकदम पडदा. “पोटाचं ऑपरेशन झालं.” पोटाचं म्हणजे कशाचं? “तेच आपलं... पोटाचं.” ज्या घरात तीन डॉक्टर आणि दोन इंजिनियर आहेत, तिथेही हेच उत्तर.

या पडद्यामागे काय चालतं ते मी गेली सहा वर्षं बघतोय. माझ्याकडे लोक येतात, कारण मी बोलतो हे त्यांना माहीत आहे. येतात तेही संध्याकाळ झाल्यावर, आणि निघताना “आमचं नाव कुठे घेऊ नका” असं बजावून जातात.

आधी ही भानगड काय आहे ते नीट सांगतो, कारण अर्धी भीती न कळण्याची आहे.

मूत्रपिंडं दोन. प्रत्येकातून एक बारीक नळी मूत्राशयात येते. मूत्राशय काढलं की या दोन नळ्या कुठे तरी जोडायला हव्यात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या जॉन सायमन या सर्जननं त्या मोठ्या आतड्यात सोडण्याचा प्रयत्न केला होता. पुढे कित्येक दशकं त्याच वाटेनं शस्त्रक्रिया झाल्या, पण मळ आणि मूत्र एकत्र आल्यानं मूत्रपिंडांना जंतुसंसर्ग व्हायचा, रक्तातले क्षार बिघडायचे. मग १९५० साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या युजीन ब्रिकर यांनी जी पद्धत मांडली तीच आजही जगभर सर्वात जास्त वापरली जाते. लहान आतड्याच्या शेवटाकडचा साधारण वीतभर तुकडा रक्तपुरवठ्यासकट वेगळा करायचा, उरलेलं आतडं परत जोडून टाकायचं, दोन्ही नळ्या त्या तुकड्याला जोडायच्या आणि तुकड्याचं दुसरं तोंड पोटावर आणून टाचायचं. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. लालबुंद, ओलसर, आपल्या गालाच्या आतल्या बाजूसारखं दिसतं. त्याला स्पर्श केला तर दुखत नाही, कारण तिथे तशी संवेदनाच नसते. त्याला झडप नाही, म्हणून लघवी थांबवता येत नाही. थेंब थेंब येतच राहते. म्हणून वर पिशवी. पिशवीला खाली तोटी असते. भरत आली की कमोडसमोर उभं राहायचं, तोटी उघडायची, बंद करायची. रात्री त्याच तोटीला एक नळी लावून खाली मोठी पिशवी अडकवली की सकाळपर्यंत उठायची गरज नाही. माझ्या वयाचे पुरुष प्रोस्टेटमुळे रात्रीतून चार वेळा उठतात. मी सलग सात तास झोपतो. हा फायदा कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

इतकंच आहे. देवानं दिलेली पिशवी आत होती, माझी आता बाहेर आहे. लघवीची पिशवी घेऊन तर तुम्ही सगळेच फिरताय.

आता माझा पहिला आरोप, आणि तो सगळ्यात गंभीर आहे. “पिशवीपेक्षा मेलेलं बरं” हे वाक्य आपल्या घरांत फार सहज बोललं जातं, आणि त्या वाक्यानं माणसं मरतात.

माझ्याबरोबर उज्जैनच्या शाखेत काम केलेले एक सहकारी होते. हिशेबात एक पैचा फरक आला तरी रात्री दहापर्यंत बसणारे. लघवीतून रक्त गेलं, दुखलं काही नाही. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा: न दुखता लघवीतून रक्त जाणं हे या कर्करोगाचं सर्वात नेहमीचं पहिलं लक्षण आहे. एकदा जाऊन थांबलं तरी तपासायचं. धूम्रपान हे याचं सगळ्यात मोठं कारण. विडी-सिगारेटचा धूर फुप्फुसात जातो, पण त्यातलं विष रक्तातून गाळून मूत्राशयात साठतं. पण न ओढणाऱ्यांनाही होतो. तर या सहकाऱ्यांची तपासणी झाली, रोग मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत गेलेला निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, मूत्राशय काढावं लागेल. घरात चर्चा झाली. मोठा मुलगा म्हणाला, “बाबांना ती पिशवी सहन होणार नाही.” मुलगी म्हणाली, “लोक काय म्हणतील यापेक्षा बाबांना काय वाटेल याचा विचार करा.” म्हणजे तेच. बाबांना कुणी पिशवी लावलेला एकही माणूस दाखवला नाही. बाबा म्हणाले, “नको.” सगळ्यांनी त्यांच्या ‘निर्णयाचा आदर’ केला.

पुढे रोग वाढला, दोन्ही नळ्या दाबल्या गेल्या, लघवी अडली. मग पाठीतून दोन्ही मूत्रपिंडांत नळ्या घालाव्या लागल्या आणि दोन्ही बाजूंना एकेक पिशवी आली. जो माणूस एका पिशवीला नको म्हणाला त्याला शेवटचे महिने दोन पिशव्या घेऊन काढावे लागले, आणि त्याही रोग बरा न करणाऱ्या.

पूर्ण माहिती घेऊन कुणी शस्त्रक्रिया नाकारली तर तो त्याचा हक्क आहे, मी मान तुकवीन. काही निवडक रुग्णांत मूत्राशय ठेवून किरणोपचार आणि औषधांनी उपचार करता येतात, तेही विचारावं. पण माहितीच्या जागी लाज ठेवून जो नकार येतो त्याला मी निर्णय म्हणत नाही. बँकेत आम्ही कोऱ्या कागदावर सही घेतली असती तर नोकरी गेली असती. इथे कोऱ्या कागदावर माणसाचा जीव लिहून घेतात आणि त्याला आदर म्हणतात.

याच लाजेचा दुसरा अवतार म्हणजे “डॉक्टर, बाहेर नको, आतलीच पिशवी करा.” आतड्याचंच नवं मूत्राशय करून आत बसवण्याची शस्त्रक्रिया आहे, चांगली आहे, ज्यांना जमते त्यांनी जरूर करावी. पण तिला आतड्याचा मोठा तुकडा लागतो, मूत्रपिंडं धड असावी लागतात, मूत्रमार्गात रोग नसावा लागतो, ठरावीक वेळेला जोर देऊन रिकामं करायची शिस्त लागते, रात्री ओलं होण्याची शक्यता असते, आणि काहींना स्वतःच नळी घालून रिकामं करावं लागतं. कोणती करायची हे मूत्रपिंडं, वय आणि हातांची ताकद बघून ठरवायचं. सुनेच्या माहेरचे काय म्हणतील हे बघून ठरवायचं नाही. माझं क्रिएटिनिन काठावर होतं. मी बाहेरची घेतली आणि आजवर एक दिवस त्याचं वाईट वाटलेलं नाही.

दुसरा आरोप सोवळ्याचा. मला सत्यनारायणाला पाटावर बसू द्यावं का, यावर माझ्याच नात्यात कुजबुज झाली. थेट मला कुणी विचारलं नाही; “तुम्हाला त्रास होईल हो, मुलाला बसवू” असं प्रेमानं सांगण्यात आलं. मी गुरुजींनाच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. गुरुजी म्हणाले, “काका, अंघोळ केलीय ना? हात धुतलेत ना? मग बसा.” विषय संपला. ज्यांना शास्त्र येतं त्यांना अडचण नव्हती. अडचण होती ती अर्धवट ऐकलेल्यांना. लघवी पोटात असताना देव चालतो, बंद पिशवीत असताना चालत नाही, हे कुठल्या पोथीत आहे ते मला दाखवा. आणि वास? पिशवी नीट चिकटली असेल तर वास येत नाही. मी शेजारी बसून आरती म्हटलेल्या किती जणांना कळलं नाही ते विचारा. गळत असेल तर दुरुस्ती करायची; माणसाला बाहेर बसवणं ही दुरुस्ती नव्हे.

तिसरा आरोप पुरुषांवर, आणि आमच्या पिढीच्या पुरुषांना तो लागेल. ही पिशवी कोण बदलतं? मी मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात स्टोमाचं सगळं समजून घ्यायला गेलो होतो. तिथे बाहेर बाकावर बसून मी जे पाहिलं ते सांगतो. पुरुष रुग्ण आले की बरोबर बायको, हातात वही, ती लिहून घेतेय, कात्रीनं कसं कापायचं ते शिकतेय. साहेब छताकडे बघताहेत. बाई रुग्ण आली की बहुधा एकटी, नाही तर बहिणीबरोबर, आणि स्वतःच शिकतेय. नवऱ्याला “असलं बघवत नाही” म्हणून तो खाली चहाच्या टपरीवर. अहो, जिनं तुमच्या मुलांचं सगळं काढलं, सासूचं अंथरूण केलं, तिच्याच गळ्यात हेही? हात चालतात, डोळे दिसतात, मोबाईलवर दिवसभर सुविचार पुढे पाठवता येतात, तर वीस मिनिटांचं हे काम येत नाही असं कसं? आमच्या हिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, “मी शेजारी उभी राहीन, हात तुमचे चालवा.” तिचे उपकार मोजता येणार नाहीत, कारण त्या एका वाक्यामुळे मी रुग्ण राहिलो नाही.

हे काम शिकलेल्यांसाठी आणि शिकणाऱ्यांसाठी थोडं वहीतलं लिहून ठेवतो. पिशवी सकाळी उठल्या उठल्या, चहापाणी घ्यायच्या आधी बदलावी. तेव्हा लघवी कमी येते. स्टोमावर गुंडाळलेला गॉज धरला की त्वचा कोरडी राहते. चिकटपट्टीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं; जास्त मोठं ठेवलं की उघड्या त्वचेला लघवी लागून ती सोलवटते. शस्त्रक्रियेनंतर पहिले दोनेक महिने स्टोमा आक्रसत जातो, म्हणून माप परत परत घ्यायचं. खोबरेल तेल अजिबात लावायचं नाही. प्रेमानं लावतात आणि मग पिशवी चिकटत नाही. लघवीत पांढरे धागे दिसतात ते आतड्याचं बुळबुळीत पाणी, पू नव्हे, घाबरू नका. लघवीची तपासणी करायची झाली तर नमुना जुन्या पिशवीतून कधीच द्यायचा नाही. मूत्रपिंडाची सोनोग्राफी, क्रिएटिनिन, बी-बारा हे ठरल्या वेळी करायचं. जड उचलायचं नाही, स्टोमाशेजारी हर्निया होतो. आणि पाणी भरपूर. लग्नाला जायचं म्हणून सकाळपासून पाणी तोडणारे लोक मला माहीत आहेत. अशानं मूत्रपिंड जाईल, लग्न तर दोन दिवसांत विसरतील सगळे.

एक गोष्ट शस्त्रक्रियेच्या आधीची, तीच सगळ्यात महत्त्वाची. स्टोमा कुठे काढायचा याची खूण आदल्या दिवशी पोटावर करून घ्यायची असते. झोपवून, बसवून, उभं करून, वाकवून. पट्टा कुठे येतो, धोतराचा किंवा परकराचा नाडा कुठे बांधता, पोटाची घडी कुठे पडते, तुम्हाला स्वतःला ती जागा दिसते का, हे सगळं बघून. घडीत आलेला स्टोमा जन्मभर गळतो. माझं ऑपरेशन ज्या रुग्णालयात झालं तिथे मला यातलं कुणी काही सांगितलं नाही. सर्जनचा हात चांगला म्हणून जागा बरी आली. घरी सोडताना हातात दोन पिशव्या आणि बिल. “बाकी मेडिकलवाला सांगेल.” मेडिकलवाल्यानं मला शौचाची पिशवी दिली. ती लघवीला चालत नाही हे त्यालाही माहीत नव्हतं. म्हणून मी परळची गाडी पकडली.

तिथे मला जे कळलं त्यानं मी हा वाद घालायला बळ मिळवलं. स्टोमाची शुश्रूषा ही स्वतंत्र विद्या आहे, तिच्या प्रशिक्षित परिचारिका असतात. ही विद्या सुरू कुणी केली? अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये १९५०च्या दशकात रूपर्ट टर्नबुल नावाचे सर्जन होते आणि नॉर्मा गिल नावाची त्यांची रुग्ण. तिला स्वतःला स्टोमा होता. बरी झाल्यावर ती इतर रुग्णांना शिकवायला लागली. टर्नबुलनी तिलाच कामावर घेतलं आणि तिथून पुढे जगभर हा व्यवसाय उभा राहिला. म्हणजे एका बाईनं लपवलं नाही म्हणून हे सगळं झालं. आपल्याकडेही मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया कित्येक वर्षं काम करतेय, आणि तिथेही रुग्णच रुग्णाला शिकवतात. मला ज्यांनी शिकवलं ते गृहस्थ माझ्यापेक्षा मोठे होते. शर्ट वर करून म्हणाले, “बघा, मी रोज लोकलनं येतो.” माझी निम्मी भीती तिथेच गेली. एका औषधानंही गेली नसती.

आता लपवण्याची व्यवहारातली किंमत बघा. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आपलं इंदूर कसं बंद होतं ते आठवतंय ना? दूधसुद्धा मिळायची मारामार. कुरियर बंद, पिशव्या येईनात. एका घरातले आजोबा त्याच्या थोडंच आधी गेले होते. कपाटात त्यांच्या पिशव्या, पेस्ट, पावडर, सगळं न फोडलेलं. घरच्यांनी ते रात्री काळ्या पिशवीत भरून कचऱ्यात टाकलं, कुणाला दिसू नये म्हणून. दोन गल्ल्या सोडून एक बाई होती, तिची आतड्याची पिशवी. ती महिनाभर पॉलिथिन आणि जुन्या धोतराच्या घड्यांवर काढत होती. त्वचा सोलून निघाली. दोन्ही घरं मराठी, दोन्ही एकाच गणपतीला वर्गणी देणारी, एकमेकांकडे हळदीकुंकवाला जाणारी. मला दोघांकडून हे नंतर कळलं, वेगवेगळं, आणि दोघांनीही “नाव घेऊ नका” सांगितलं. घेत नाही. पण पेस्ट आणि पावडर तरी तिला नक्की चालली असती. एका फोनचं काम होतं.

मला इथे नेहमी एक उत्तर मिळतं आणि ते उत्तर वाईट नाही. “काका, प्रत्येकानं आपलं पोट उघडून दाखवायचं का? काही गोष्टी खाजगी असतात.” बरोबर. असतात. माझाही बँकेतला शिल्लक आकडा खाजगी आहे, पण मला बँकेत खातं आहे हे सांगायची लाज वाटत नाही. खाजगी आणि लाजिरवाणं यात हा फरक आहे. दार लावून पिशवी बदलणं खाजगी. नवरा-बायकोचं जे काही बदलतं, आणि या ऑपरेशननंतर पुरुषांचं बरंच बदलतं, ते खाजगी. पण डॉक्टरांना विचारायला हवं, त्यावर उपाय असतात. मात्र पिशवी आहे एवढं सांगायलाही जीभ अडखळणं, सुनेपासून, व्याह्यांपासून, सोसायटीपासून दडवणं, मुलीचं लग्न जमेपर्यंत आईला ‘गावाला’ पाठवणं, याला खाजगी म्हणू नका. जिला पाठवलं तिला विचारा ते काय होतं.

आता पैशाचं. आयुष्यभर तेच केलं, तर तिथे तरी मला बोलू द्या.

माझ्या विमा कंपनीनं ऑपरेशनचे काही लाख दिले. पिशव्यांचा दावा टाकला तर उत्तर आलं, घरी वापरायच्या वस्तू पॉलिसीत बसत नाहीत. म्हणजे विहीर खणायला कर्ज मंजूर, दोराला नाही. माझा खर्च माझ्या वहीत आहे: चार दिवसांतून एकदा बदल, चिकटपट्टी, पिशवी, पेस्ट, रात्रीची पिशवी धरून महिन्याला पाच-साडेपाच हजार. मला पेन्शन आहे, निभतं. ज्याला पेन्शन नाही तो काय करतो? एक पिशवी दहा-बारा दिवस ओढतो, धुऊन वापरतो, त्वचा जाळून घेतो. आयुष्मान योजनेत २०२४पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना पाच लाखांचं संरक्षण मिळालं, चांगलंच झालं. पण तिथेही रुग्णालयातून सुटल्यावरचा खर्च पंधरा दिवसांपुरता. स्टोमा पंधरा दिवसांचा नसतो.

सरकारला हा विषय कळत नाही असं नाही. चंदीगडच्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत ठरून १८ जुलै २०२२पासून या साहित्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. रेल्वेच्या सवलतींच्या यादीत ‘ऑस्टोमी पेशंट’ हे शब्द चक्क छापलेले आहेत. सवलत मात्र मासिक-त्रैमासिक पासावर, म्हणजे मुंबईकराला उपयोगी, इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसनं तपासणीला जाणाऱ्याला नाही. आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे, तिच्यात स्टोमा नाही. यातलं पुढचं पाऊल उचलायला मागणारा माणूस लागतो. तोंड लपवून बसलेल्यांची मागणी कोण कशी मोजणार? जनगणनेतही त्यांचं ‘पोटाचं ऑपरेशन’च झालेलं असणार.

आणि आपलं शहर! २०१७पासून सलग आठ वेळा देशात स्वच्छतेत पहिलं. मला अभिमान आहे, मी सकाळी गाडीचं गाणं वाजलं की डबे घेऊन खाली उतरणाऱ्यांतला आहे. वापरलेली पिशवी रिकामी करून, कागदात गुंडाळून, सॅनिटरी कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात टाकतो. गाडीवरचा मुलगा काही विचारत नाही, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण या पहिल्या नंबरच्या शहरात मराठी समाजाच्या किती सभागृहांच्या शौचालयात शर्ट अडकवायला खुंटी आहे? हातातलं साहित्य ठेवायला वीतभर फळी? झाकणाचा डबा? कडी लागणारं दार? मी गेल्या वर्षभरात जिथे जिथे कार्यक्रमाला गेलो तिथे बघत गेलो. एकाही ठिकाणी चारही गोष्टी नव्हत्या. व्यासपीठाची सजावट मात्र प्रत्येक ठिकाणी होती.

म्हणून माझ्या मागण्या, हिशेबासारख्या ओळीनं.

एक. आपल्या प्रत्येक मंडळानं आपल्या सभागृहाच्या एका तरी शौचालयात खुंटी, फळी, झाकणाचा डबा आणि पाण्याची तोटी बसवावी. पाच हजारांच्या आत होतं. एका गणेशोत्सवात हार-तुऱ्यांवर याहून जास्त जातात. पैसे कमी पडले तर पहिली पावती माझ्या नावानं फाडा.

दोन. वरिष्ठ नागरिकांच्या बैठकीत मधुमेह आणि हृदयावर दर वर्षी व्याख्यान होतं. एक व्याख्यान यावर ठेवा. आणि फक्त डॉक्टर बोलावू नका, पिशवी लावलेला माणूस बोलवा. कुणी नाही मिळाला तर मी आहे.

तीन. ज्या घरात न वापरलेलं साहित्य पडलंय त्यांनी ते फेकू नये. तारीख बघून मंडळाकडे द्यावं, कुणाला तरी चार दिवस निघतील.

चार. ज्यांच्या घरी हे ऑपरेशन ठरलंय त्यांनी सर्जनला तीन प्रश्न विचारावे: स्टोमाच्या जागेची खूण कोण करणार, शिकवणार कोण, आणि आधी असा एखादा माणूस भेटवाल का? तिसऱ्या प्रश्नाला “आमच्या ओळखीत कुणी नाही” असं उत्तर आलं तर माझ्याकडे पाठवा. संध्याकाळ व्हायची वाट बघू नका, दिवसाउजेडी या. चहा आणि पोहे माझ्याकडे. शर्ट वर करून दाखवायचं कामही माझ्याकडे.

पाच. आणि “पिशवीपेक्षा मेलेलं बरं” हे वाक्य यापुढे माझ्यासमोर कुणी बोलू नये. मी मरायचं सोडून पिशवी घेतली. त्यानंतर नातीची मुंज-लग्नं नाही, निदान तिची दहावी पाहिली, दोनदा पुण्याला जाऊन आलो, आणि तुम्हा सगळ्यांशी भांडायला आज बसलोय. तुम्हाला यातलं कुठलं मेलेलं असण्यापेक्षा वाईट वाटतं, ते खाली लिहा. हळू बोलू नका.

— तुमचाच, एक निवृत्त बँकवाला, इंदूर